पाणी पाहणाऱ्या दादाची सत्तेचाळीस चित्रं

नाशिक,
चैत्र वद्य दशमी

तीर्थस्वरूप दादास,

धाकट्या प्रतिभाचा कृतानेक नमस्कार. आम्ही उभयता इकडे मजेत आहोत. तिकडची खुशाली कळवावी असं लिहायची पद्धत आहे. पण आपण फोन उचलत नाही, घरच्या ग्रुपमधून बाहेर पडला आहात आणि मंगलावहिनींनाही 'तिला काही सांगू नको' अशी ताकीद दिली आहे. त्यामुळे आपला गुडघा बरा आहे, उन्हाळ कांदा चाळीत नीट पडला आहे आणि वहिनींची साखर काबूत आहे, असं मी माझ्या मनानेच ठरवून टाकलं आहे. (इथवर 'आपण' म्हटलं ते बाबांनी पत्राचं वळण तसं लावलं म्हणून. यापुढे तूच म्हणणार. साठीला टेकलेल्या बहिणीने रुसलेल्या भावाला पानभर 'आपण' म्हटलं तर ते पत्र राहत नाही, नोटीस होते.)

तर दादा, पत्र लिहिण्याचं कारण म्हणजे पत्र कट करता येत नाही. शिवाय नामपूरचा पोस्टमन पत्र हातात देऊन आतली बातमी कळेपर्यंत पाण्याचा तांब्या मागून ओट्यावर बसतो, म्हणजे तुला ते फोडावंच लागेल. आणि त्या ग्रुपमधून बाहेर पडण्याबद्दल एक बोलून घेते. तुला फोनचा टॉर्च बंद करता येत नाही. गेल्या दिवाळीत तो लागला तेव्हा तू फोन उशीखाली दाबून ठेवला होतास. म्हणजे कुणाला तरी शेजारी बसवून, चष्मा लावून, कुठलं बटण दाबायचं ते विचारून तू बाहेर पडलास. माणूस रागाच्या भरात ताडकन उठून जातो ते मला समजतं. इतक्या तयारीने रुसलेला माणूस मात्र मी पहिल्यांदाच पाहिला, आणि मला मनापासून वाईट वाटलं.

माझ्या ब्लॉगबद्दल तुला नेमकं काय ठाऊक आहे कोण जाणे (वहिनी त्याला 'प्रतिभाचं दुकान' म्हणतात), म्हणून थोडक्यात सांगते. थोडक्यात सांगणं मला जमत नाही, हीच त्या ब्लॉगची ख्याती आहे. एकतीस वर्षं शाळेत विज्ञान शिकवलं, आणि एकतीस वर्षं मुद्दा रंगात आला की तास संपल्याची घंटा झाली. निवृत्त झाले आणि घंटाच बंद झाली. मग काय, उंडारलेल्या गाईसारखी मी सुटले. 'सोलून सांगते' असं नाव ठेवलं आणि महिन्याला एक लेख टाकू लागले. कृष्णविवर म्हणजे काय, लस अंगात जाऊन करते काय, आपण कुठल्या चौकात उभे आहोत ते फोनला कसं कळतं, असे सगळे अवघड विषय. लेख इतके लांब की एका बाईंनी कळवलं, त्यांचा पुरणाचा कुकर तीनदा गार झाला. पण लोक वाचतात रे. चाळीस हजार लोक वाचतात, आणि त्याचं श्रेय माझ्या भाषेइतकंच चित्रांना आहे. चित्रं मीच काढते. मला माणसाचं तोंड जमत नाही, फक्त कांदा जमतो (नामपूरच्या लेकीला दुसरं काय जमणार), म्हणून माझ्या चित्रातल्या सगळ्या माणसांना डोक्याच्या जागी कांदा असतो. वर पातीचे चार फराटे. पातीला गाठ मारली की बाई झाली, खाली मिशी काढली की पुरुष.

उदाहरणं मात्र मी घरचीच घेते, कारण घरची माणसं कशी वागतात ते मला पुराव्यानिशी माहीत आहे. रोगप्रतिकारशक्तीच्या लेखात वहिनींना घेतलं. पाहुणा आला की वहिनी दारातच विचारतात, कुठले, कुणाचे, कुणाकडे. ओळख पटली तर गूळपाणी, नाही पटली तर कुत्रं सोडतात. रक्तातल्या पांढऱ्या पेशी याहून वेगळं काही करत नाहीत. वहिनींनी तो लेख पोरांकडून चारदा वाचून घेतला. यांना (म्हणजे सुनीलरावांना) मी घर्षणाच्या लेखात घेतलं. अंबडच्या कारखान्यात तीस वर्षं बेअरिंगमध्ये काढल्यामुळे त्यांना आधी तो गौरव वाटला. मग चित्रं नीट पाहिली, कपाट सरकवायला सांगितल्यावर दीड तास सोफ्यावर चिकटून बसलेला कांदा ओळखला, आणि पुन्हा सोफ्यावर जाऊन बसले. या घरात आजवर उदाहरण झाल्यामुळे कुणाचं काही बिघडलं नव्हतं. म्हणून मी तुझ्याकडे वळले.

गेल्या महिन्याचा लेख संभाव्यतेवर होता. संभाव्यता म्हणजे एखादी गोष्ट घडण्याची शक्यता किती, त्याचं गणित. आता पंचक्रोशीत ज्याला 'पाणाडी' म्हणून मान आहे, जो तळहातावर आडवा नारळ ठेवून शेतातून चालतो आणि नारळ उभा राहील तिथे बोअर घ्यायला सांगतो, असा सख्खा भाऊ असताना मी नाणेफेकीचं उदाहरण घेऊ का? मी बागलाणच्या बोअर मारणाऱ्या गाडीवाल्याला गाठलं आणि त्याची वही मागून घेतली. तू दाखवलेल्या त्रेचाळीस जागांपैकी एकतीस जागी पाणी लागलं. मग ज्यांनी कुणालाच न विचारता, गाडी वळायला जागा कुठे आहे एवढंच पाहून बोअर घेतले, असे चाळीस काढले. त्यांच्यात एकोणतीस जागी पाणी लागलं. हिशेब करून पाहिलास तर दोन्हीकडे शंभरात बहात्तर. तेव्हा मी लिहिलं की नारळ आणि गाडीचं वळण या दोघांची विद्या सारखीच आहे. हे वाक्य सुचल्यावर मी स्वतःच खुदकन हसले होते. माणूस स्वतःच्या वाक्यावर हसला की समजावं, कुणीतरी दुखावणार आहे.

पण नारळ उभा राहतो, हे मी नाकारलं नाही. तो का उभा राहतो हे सांगायला मी चांगली बावीस चित्रं खर्ची घातली. मनात एखादी जागा ठरली की हात आपल्या नकळत इतका बारीक हलतो की हलवणाऱ्यालाही पत्ता लागत नाही. त्यात लबाडी नसते, उलट हात मनाशी प्रामाणिक असतो, असं मी ठळक अक्षरात लिहिलं आहे. ही बारीक हालचाल चित्रात बरोबर यावी म्हणून मी स्वतः नारळ घेऊन आमच्या सोसायटीच्या पार्किंगमध्ये चालले, आणि यांनी माझे फोटो काढले. सकाळी दहाची वेळ. मी तळहातावर नारळ घेऊन स्कूटरींच्या रांगेतून संथ चालले आहे, हे मागे मागे सरकत 'जरा डावीकडे, ऊन येतंय' म्हणताहेत. पाचव्या मिनिटाला चारही मजल्यांच्या गॅलऱ्या भरल्या. कुणी विचारलं, वहिनी, कसला नवस? आणि दादा, तुला म्हणून सांगते, लेखात हे घातलेलं नाही, नारळ उभा राहिला. अगदी ताठ. माझ्या हाताला काही कळायच्या आत. मी खाली पाहिलं तर सोसायटीच्या सेप्टिक टँकचं झाकण होतं. पाणी नव्हतं असं मी म्हणणार नाही.

लेख प्रसिद्ध झाला. सत्तेचाळीस चित्रं, त्यातल्या एकोणीस चित्रांत तू, म्हणजे मिशीवाला, टोपीवाला, हातात नारळ धरलेला कांदा. माझी अपेक्षा अशी की लोक वाचतील आणि अंधश्रद्धेतून मोकळे होतील. पहिल्या दिवशी बासष्ट प्रतिक्रिया आल्या. तिघांनी 'छान माहिती' म्हटलं. एकाने लग्नाच्या वऱ्हाडासाठी गाडी हवी असल्याचं लिहिलं, ती प्रतिक्रिया बहुधा चुकून माझ्याकडे पडली. उरलेल्या अठ्ठावन्न जणांनी एकच विचारलं, या काकांचा नंबर मिळेल का? मी प्रत्येकाला वेगळं उत्तर लिहिलं की बाबांनो, लेख पुन्हा वाचा, नारळाने आणि नारळाशिवाय पाणी लागण्याचं प्रमाण सारखंच आहे. त्यावर चांदवडच्या एका गृहस्थाने लिहिलं, ते कळलं ताई, पण सारखंच आहे तर मग काकांकडूनच बघितलेलं काय वाईट?

नामपूरला लेख कसा पोचला तेही मला माहीत आहे. वेदिकाने (तुझीच नात, आणि तळटीपासुद्धा वाचणारी माझी एकमेव वाचक) तो सकाळी सातला ग्रुपवर टाकला. नऊ वाजता कांदा मार्केटच्या चहाच्या टपरीवर माझी चित्रं हातोहात फिरत होती. अकरा वाजून वीस मिनिटांनी तू ग्रुप सोडलास. त्याला आज बावीस दिवस झाले.

आता मुद्द्याचं. आखाजी (इथल्या शेजाऱ्यांची अक्षय्य तृतीया) आठवड्यावर आली आहे. लग्न होऊन मला चौतीस वर्षं झाली, आणि चौतीस वर्षांत एकही आखाजी अशी गेली नाही की मला माहेरी न्यायला मुराळी म्हणून तू स्वतः आला नाहीस. आधी एस.टी.ने यायचास, मग एकदा लासलगावला कांदा टाकून परतीच्या पिकअपमधून आलास (माझ्या त्या साडीला पुढची दोन वर्षं कुणी हात लावला नाही), आता बोलेरो घेऊन येतोस. खाली उभा राहून सगळ्या सोसायटीला ऐकू जाईल असं ओरडतोस, "चाल वं बाई, गाडी उभी शे!" शेजारच्यांना आधी ते भांडण वाटायचं. आता त्यांना ऋतू कळतो. हे म्हणतात, सटाण्याला तासाला बस आहे, पुढे जीप मिळते, जाऊन ये एकटी. यांना काय कळतंय? आखाजीला लेक मुराळ्याबरोबर येते; एकटी आली तर ती पाहुणी. आणि पाहुणी म्हणून आले तर तुझ्या दारात वहिनी मला विचारतील, कुठल्या, कुणाच्या, कुणाकडे. मला लिंबाला बांधलेला झोका हवा आहे, खापरावरची पुरणपोळी हवी आहे, आंब्याचा रस हवा आहे आणि तो वाढताना 'मास्तरीणबाई, यात किती टक्के साखर शे?' असं विचारून पिडणारा भाऊ हवा आहे. हे सगळं माझ्या एका लेखापायी जाणार असेल तर चाळीस हजार वाचक घेऊन मी काय चाटू?

म्हणून माफी मागायला बसले आहे, पण खरं सांगते, नेमकी कशाची मागायची ते ठरत नाही. लेख मी पुन्हा तीनदा वाचला. आकडे बरोबर आहेत, हाताचं शास्त्र बरोबर आहे. खोटं काढून टाकीन म्हटलं तर खोटं सापडत नाही, आणि तुझ्यासाठी म्हणून खरं पुसलं तर तूच म्हणशील, इतकी वर्षं पोरांना काय शिकवलंस. तेव्हा एवढंच करू शकते. तुझी मिशी काढून टाकते, टोपीचा रंग बदलते, 'आमचे दादा' आहे तिथे 'एक जाणकार गृहस्थ' घालते आणि ते गाडीच्या वळणाचं वाक्य, जीव तुटतो तरी, काढते. यावर भागत असेल तर भागव.

मुलांना, सुनांना आशीर्वाद. वहिनींना माझा नमस्कार सांग. बोलत नसशील त्यांच्याशीही, तर पोस्टमनकडून सांग. गुडघ्याला तेल लाव. कमी-जास्त लिहिलं असेल ते धाकटीचं म्हणून पोटात घाल.

तुझी,
प्रतिभा

ता. क. : एक बारीकशी गोष्ट राहिलीच. आमच्या सोसायटीचा बोअर आटला आहे, पंधरा दिवस टँकरवर आहोत. नवा घ्यायचा ठरला तर कमिटीत अकरा माणसं आणि अकरा जागा. एका इंजिनिअरने मशीन आणून जमीन तपासली. त्याच्या मशीनने चेअरमनसाहेबांच्या, म्हणजे चिमाजीराव गांगुर्ड्यांच्या, गाडीच्या जागेवर बोट ठेवलं, तेव्हापासून चिमाजीरावांचा मशीनवरचा विश्वास उडाला आहे. परवाच्या मीटिंगमध्ये त्यांनी सगळ्यांदेखत मला विचारलं की मॅडम, तुमच्या ब्लॉगवरचे ते नारळवाले काका तुमचे कोण? मी खोटं बोलत नाही. तेव्हापासून मला जिन्यात, लिफ्टमध्ये, भाजीवाल्याकडे एकच प्रश्न, दादा कधी येणार? मी माझ्या मनाचं समाधान असं केलं आहे की कुठेतरी खणायचंच आहे, शक्यता सगळीकडे जवळपास सारखीच आहे आणि अकरा जणांचं एकमत व्हायला नारळाइतकं निःपक्षपाती साधन शास्त्राकडे नाही. तर येताना नारळ घेऊन ये, तुझ्या हाताला बसणारा. तो चेअरमनसाहेबांच्या गाडीखालीच उभा राहिला तर मी मध्ये पडणार नाही.

(आत्ता वर जे आखाजीचं लिहिलं ते या कामासाठी लिहिलं असं समजू नकोस. समजायचं तर समज, पण ये.)

ता. क. २ : पाकीट चिकटवायला घेतलं तेवढ्यात वहिनींचा फोन आला. तू मार्केटला गेलास हे पाहून केला, तेव्हा त्यांना रागावू नकोस. मी त्यांना माझी बाजू सांगायला लागले, संभाव्यता, शंभरात बहात्तर, हाताची बारीक हालचाल. वहिनींनी मध्येच थांबवलं. म्हणाल्या, "तुन्हा शास्त्रना त्यास्ले काही राग नही शे वो माय." तू लेख वाचलेलाच नाहीस म्हणे. फक्त चित्रं पाहिलीस. आणि चित्रात काय, तर तुझ्या पायात चपला. "पायमां चप्पल घालीसन कोनी पानी देखस का?" असं टपरीवर चार माणसांनी तुला विचारलं आणि तू तोंड लपवून घरी आलास. बरोबर आहे रे दादा, ती आपली जमीन, तिच्या पोटातलं विचारायचं तर अनवाणीच विचारायचं, हे आपल्या घरात शेंबड्या पोराला माहीत. मी माझे फोटो पाहून चित्रं काढली, आणि सकाळी दहाच्या उन्हात पार्किंगमध्ये माझ्या पायात चपला होत्या, त्या तशाच्या तशा तुझ्या पायात गेल्या. एकोणीसच्या एकोणीस चित्रांत. बागलाणभर झालं की धनराज पाणाडी चपला घालून पाणी पाहतो.

मी हसले, वहिनीही हसल्या. मग वहिनी हळूच म्हणाल्या की तू त्या दिवशी जेवला नाहीस. नुसता ओट्यावर बसून म्हणालास, "चपला तं तीच धरे, आन तिलेच याद नही?" तेव्हा मला आठवलं. तू सतरा-अठरा वर्षांचा, बाबांच्या मागे नारळ शिकत होतास. बांधावर चपला काढायचास, आणि त्या कुणी न्यायला नकोत म्हणून दोन्ही हातांत धरून तुझ्या मागोमाग साऱ्या वावरातून चालायचे ती मीच. ढेकळं टोचतात म्हणून तुझ्या पावलावर पाऊल टाकत. मी चाळीस हजार माणसांना सगळं समजावून सांगते, आणि हे विसरले. याची माफी मागते, दादा. पूर्ण मागते.

ता. क. ३ : दुपारभर बसून एकोणीस चित्रं नव्याने काढली. पाय मला येत नाहीत असं मी समजत होते, पण तुझे आले. मिशी ठेवली आहे, टोपी ठेवली आहे, 'आमचे दादा' ठेवलं आहे. शास्त्रातलाही एक शब्द बदललेला नाही, गाडीच्या वळणाचं ते वाक्यसुद्धा आहे तिथेच आहे, त्यावर आपण आखाजीला रस खाताना भांडू. शेवटी एक जादा चित्र घातलंय, अठ्ठेचाळिसावं. त्यात मिशीवाला कांदा नारळ घेऊन पुढे अनवाणी चाललाय आणि त्याच्या मागे दोन वेण्यांचा एक छोटा कांदा आहे, छातीशी चपला धरून. बाकी सगळ्या चित्रांखाली मी चांगलं ऐसपैस लिहिते, याच्याखाली काहीच लिहिलं नाही. वेदिकाला दाखवायला सांग. माझी बॅग भरून दाराशी ठेवली आहे.